कॉम्प्रेसर का थांबतो?

भर वैशाखात दुकानातील एसी दर दहा मिनिटांनी थांबू लागला, की कारागीर येतो आणि दोनपैकी एक निदान करतो : 'गॅस संपला' किंवा 'कॉम्प्रेसर गेला'. दोन्ही खरी असू शकतात. परंतु दोन्ही खर्चिक आहेत. कागदपत्रे पाहिल्यावाचून कर्ज मंजूर होत नाही, तद्वत पुराव्यावाचून या खर्चासही मंजुरी देऊ नये.

प्रथम हे ध्यानी घ्यावे, की प्रत्येक थांबणे हा बिघाड नव्हे. ठरविलेले तापमान गाठल्यावर साध्या एसीचा कॉम्प्रेसर बंद होतो व सुमारे तीन मिनिटांच्या विश्रांतीनंतरच पुन्हा सुरू होतो. इन्व्हर्टर एसीत तो सहसा न थांबता वेग कमी करतो. खोली तापलेली असतानाच तो थांबत असेल, तर मात्र कारण शोधावे. अशा वेळी त्याला पुष्कळदा ओव्हरलोड प्रोटेक्टर थांबवितो. कॉम्प्रेसर अति तापला किंवा जास्त विद्युतप्रवाह ओढू लागला, की हा रक्षक वीज तोडतो. तो वगळून यंत्र 'चालू करून देण्याची' तयारी कोणी दाखविल्यास स्पष्ट नकार द्यावा. त्यात कॉम्प्रेसर जळण्याचा धोका असतो.

कारागीर येईपर्यंत एक छोटी वही ठेवावी. कॉम्प्रेसर केव्हा सुरू झाला, केव्हा थांबला, खोलीत किती अंश होते आणि बाहेरच्या युनिटचा पंखा फिरत होता का, एवढे चार रकाने पुरेत. मात्र जळका वास आला किंवा एमसीबी पुनःपुन्हा पडू लागली, तर नोंदी बाजूला ठेवून यंत्र तत्काळ बंद करावे.

आता ही वही वाचू. केवळ दुपारीच थांबत असेल, तर उष्णता किंवा वीजदाब यांकडे पाहावे. आतील फिल्टर व बाहेरची कॉइल धुळीने भरली आहे का? बाहेरच्या युनिटसमोर रिकामी खोकी रचली आहेत का? कबुतरांचे घरटे आहे का? असल्यास पिले उडून गेल्यावर ते काढावे व जाळी बसवावी. बाजारातील सर्व एसी एकदम चालतात तेव्हा वीजदाब २३० व्होल्टच्या बराच खाली जातो का, हे इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्यावे.

कोणत्याही वेळी सुरू होताच काही क्षणांत थांबत असेल, किंवा बाहेरचा पंखा फिरतच नसेल, तर कपॅसिटर तपासून घ्यावा. तो काही शे रुपयांत येतो. कॉम्प्रेसरला कित्येक हजार लागतात. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार उरतो, म्हणून झाकण स्वतः उघडू नये.

फिल्टर स्वच्छ असूनही आतील कॉइलवर बर्फ जमत असेल आणि गारवा कमी झाला असेल, तर गॅस कमी असल्याचा संशय रास्त आहे. पण गॅस हे मोटारीतील पेट्रोल नव्हे. तो बंदिस्त नळ्यांतून फिरतो व वापराने संपत नाही. कमी झाला, म्हणजे गळती आहे. तिचा शोध व दुरुस्ती, नंतर व्हॅक्यूम आणि शेवटी यंत्रावरील पट्टीवर छापलेल्या वजनानुसार भरणा, हाच योग्य क्रम. गळती तशीच ठेवून भरलेला गॅस म्हणजे बुडीत खात्यात पुन्हा दिलेले कर्ज. आजच्या अनेक यंत्रांतील आर-३२ हा वायू सौम्य ज्वलनशील असल्याने हे काम प्रशिक्षित हातांनीच व्हावे.

हे सारे तपासूनही कॉम्प्रेसरच दोषी ठरला, तर पैसे देण्यापूर्वी खरेदीचे बिल काढावे. पुष्कळ कंपन्या कॉम्प्रेसरला उर्वरित यंत्राहून अधिक वर्षांची हमी देतात. बदललेला जुना भाग पाहून घ्यावा, नव्याची पावती घ्यावी आणि ती बिलासोबत जपून ठेवावी.