फुगलेली बॅटरी आणि कचऱ्याचा डबा

इतिहास शिकविणाऱ्याने बॅटरीविषयी लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु कचरा कोण करतो आणि तो कोणाच्या हाती पडतो, हा प्रश्न इतिहासाचाच आहे. आपल्या समाजाला तो नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही.

माजी विद्यार्थ्यांच्या औदार्याने आमच्या विज्ञान छंद मंडळात ड्रोन आले, रिमोटवर उडणारी विमाने आली. ज्यांच्या आजोबांनी वर्गाबाहेर बसून अक्षरे गिरविली, ती मुले मैदानावर विमान उडविताना पाहून आमचा ऊर भरून येतो. गेल्या वर्षी कपाट आवरताना मात्र सात जुन्या बॅटऱ्या निघाल्या. त्यांतील तीन उशीसारख्या फुगल्या होत्या. एका मुलाने एक फुगलेली बॅटरी सहज कचऱ्याच्या डब्यात टाकली. तो डबा रिकामा करणाऱ्या मावशी आमच्याच एका विद्यार्थिनीच्या आई. त्यांनी ती ओळखून अलगद बाजूला काढली, कारण शहरात भंगार वेचताना अशी बॅटरी पेटलेली त्यांनी पाहिली होती. जो धडा आम्ही द्यावयाचा, तो आम्हांस त्यांच्याकडून मिळाला.

या बॅटऱ्या लिथियम-पॉलिमरच्या. मुले त्यांना 'लायपो' म्हणतात. पातळ पाकिटात ज्वलनशील द्राव असतो. पाकीट चेपले, त्याला भोक पडले किंवा दोन्ही टोके एकमेकांना भिडली, की आतल्या आत उष्णता वाढत जाऊन बॅटरी भडकते. कचरागाडीत तर सगळेच दाबले जाते. म्हणून फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये, टोचून तिची हवा काढू नये. छंदी मंडळींत ती मिठाच्या पाण्यात बुडविण्याची रीत आहे. आम्हांस ती पसंत नाही. टोके गंजून वीज आतच राहू शकते, आणि धोका टळल्याचा खोटा भरवसा तेवढा मिळतो. केवळ जुनी झालेली, न फुगलेली बॅटरी चार्जरमधील डिस्चार्जच्या सोयीने, मोकळ्या जागी, शिक्षकांच्या देखत हळूहळू रिकामी करावी. मग प्रत्येक टोकाला वेगळी चिकटपट्टी लावावी. फुगलेली असेल तर टोके झाकून ती कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात, इमारतीपासून दूर ठेवावी. झाकण घट्ट लावू नये.

२००१ चे नियम शिसे-आम्ल बॅटऱ्यांपुरते होते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांत सर्व प्रकारच्या बॅटऱ्या आल्या. वापरणाऱ्याने बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवावी आणि उत्पादकाने ती परत गोळा करण्याची जबाबदारी घ्यावी, असे ते सांगतात. नियम चांगले आहेत. पण तालुक्याच्या गावी शोधावयास गेल्यास भंगाराचे दुकानच सापडते, आणि तिथे तांबे-ॲल्युमिनियमसाठी हातोडी चालविणारा पोरगाही बहुधा आपल्यातलाच असतो.

यास्तव देणगीदार माजी विद्यार्थ्यांना आमचे स्पष्ट सांगणे आहे: नवी बॅटरी देणाऱ्याने जुनी परत नेण्याचेही पत्करावे. तेवढे जमत नसेल तर ड्रोनऐवजी पुस्तके द्यावीत. आम्हांस वाईट वाटणार नाही. रिकाम्या केलेल्या चार बॅटऱ्या कार्यालयात बांधून ठेवल्या आहेत. संमेलनास स्वतःच्या वाहनाने येणाऱ्यांपैकी कोणी शहरातील नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राला आधी दूरध्वनी करून त्या न्याव्यात. फुगलेल्या तीन वसतिगृहामागे वाळूत आहेत. त्या कुरिअरने किंवा एस.टी.ने पाठवावयाच्या नाहीत. त्या कशा आणावयाच्या, हेही त्याच केंद्राला विचारून आम्हांस कळवावे.