एका वर्षानंतरची विचारपूस

आषाढीची वारी करून आलेल्यांच्या पायांची सूज उतरलेली असते, श्रावण उंबऱ्याशी आलेला किंवा नुकताच लागलेला असतो, आणि त्याच सुमारास दरवर्षी ४ ऑगस्ट ही तारीख येते. देशभरातल्या हाडांच्या डॉक्टरांच्या संघटनेने, इंडियन ऑर्थोपेडिक असोसिएशनने, २०१२ पासून हा दिवस हाडे आणि सांध्यांचा दिवस म्हणून पाळायला सुरुवात केली. गावोगावी शिबिरे भरतात, टाच यंत्रात ठेवून हाडांची घनता मोजली जाते, कॅल्शियमच्या गोळ्या वाटल्या जातात, कसे बसावे आणि कसे वाकावे यावर व्याख्याने होतात. हे सारे चांगलेच आहे. घरोघरी पाटावर बसून पूजा करण्याच्या आणि मंगळागौरीच्या जागरणात पन्नाशीच्या बायकांनीही फुगडीला हात देण्याच्या या दिवसांत गुडघ्यांची आणि कंबरेची आठवण तशीही निघतेच. तरी या दिवसाने आपल्याकडून आणखी एक, थोडे अवघड काम करून घ्यावे असे वाटते. गेल्या वर्षी, पाच वर्षांपूर्वी, दहा वर्षांपूर्वी ज्यांच्या हाडा-सांध्यांवर शस्त्रक्रिया झाल्या ती माणसे आज कशी आहेत, हे विचारण्याचे काम.

बॉस्टनमधल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हाच प्रश्न हाती धरला आणि आयुष्यभर सोडला नाही. प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड असावे, त्यावर त्याची तक्रार, केलेला उपाय आणि झालेली गुंतागुंत लिहावी, वर्षभराने त्याला पुन्हा पाहावे, आणि गुण आला नसेल तर का आला नाही याचे प्रामाणिक उत्तर त्याच कार्डावर मांडावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. १९११ मध्ये त्यांनी स्वतःचे छोटे रुग्णालय काढले. १९१६ पर्यंत तिथून घरी गेलेल्या ३३७ रुग्णांच्या उपचारांत त्यांना १२३ चुका आढळल्या, आणि त्या त्यांनी स्वतःच छापून जगापुढे ठेवल्या. व्यवसायबंधूंना हे मानवले नाही. रुग्णालयांच्या या डोळेझाकीवरचे एक व्यंगचित्र १९१५ मध्ये त्यांनी भर सभेत उघडे केले, तेव्हा हार्वर्डमधले शिकवण्याचे पदही त्यांना गमवावे लागले. आज जगात जिथे जिथे सांधेरोपणाच्या नोंदवह्या चालतात, तिथे त्या कार्डाचाच वंश वाढतो आहे.

वर्षभराने विचारल्यावर काय कळते, याचे एक उदाहरण नीट पाहण्याजोगे आहे. चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाचा गुडघा दुखू लागतो, एमआरआय होतो, आणि ‘गादी फाटली आहे’ असे निदान घेऊन तो घरी येतो. दुर्बिणीतून तो फाटका भाग छाटणे ही जगात सर्वाधिक होणाऱ्या अस्थिशस्त्रक्रियांपैकी एक. फिनलंडमधल्या पाच रुग्णालयांनी ३५ ते ६५ वयाच्या अशा १४६ जणांना विश्वासात घेऊन विचारले की, तुमच्यावर खरी शस्त्रक्रिया झाली की नुसती तिची नक्कल, हे तुम्हाला वर्षभर कळणार नाही, चालेल का? त्यांनी होकार दिला. प्रत्येकाच्या गुडघ्यात दुर्बीण घालून डॉक्टरांनी आधी तपासणी केली, मग कुणावर काय करायचे हे ठरवणारे बंद पाकीट उघडले गेले. चिठ्ठीत ज्यांच्या नावे शस्त्रक्रिया निघाली त्यांची गादी छाटली. उरलेल्यांच्या वेळीही डॉक्टरांनी तीच हत्यारे मागितली, गुडघा तसाच हलवला, यंत्राचा आवाज तसाच होऊ दिला, आणि जितका वेळ लागला असता तितका वेळ रुग्णाला टेबलावरच ठेवले. वर्षभराने दोन्ही गटांचे दुखणे कमी झालेले होते, आणि सारखेच कमी झालेले होते. २०१३ मध्ये हे प्रसिद्ध झाले. त्याआधी २००२ मध्ये ह्यूस्टनच्या १८० रुग्णांत, झिजलेल्या गुडघ्याला दुर्बिणीतून धुऊन-साफ करण्याच्या शस्त्रक्रियेबाबतही असेच दिसले होते. २०१७ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने झिजेच्या गुडघ्यात दुर्बिणीची शस्त्रक्रिया करू नये, असा ठाम सल्ला दिला. तरुण खेळाडूची नव्याने फाटलेली गादी किंवा अडकून बसलेला गुडघा यांची गोष्ट वेगळी, तिथे दुर्बिणीचे मोल कायम आहे. पण वयाबरोबर झिजलेल्या गुडघ्यांवर जगभर वर्षानुवर्षे छाटणी होत राहिली, कारण ती केल्यावर माणसे बरी होत होती. ती छाटणीमुळे बरी होत होती की काळामुळे, व्यायामामुळे आणि विश्वासामुळे, हे विचारायला मात्र फार उशीर झाला. त्या १४६ माणसांचे आपण सगळेच ऋणी आहोत.

असे प्रश्न फक्त श्रीमंत देशांना परवडतात, असे कुणी म्हणेल तर त्याने मणक्याच्या क्षयाचा इतिहास पाहावा. आपल्याकडे एके काळी या रुग्णांना महिनोन्महिने उताणे निजवून ठेवत. १९६० नंतर कोरियात ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने चाचण्या झाल्या. मासानमध्ये काहींना सहा महिने खाटेवर ठेवून औषधे दिली आणि काहींना हिंडते-फिरते ठेवून, पुसानमध्ये काहींना नऊ महिने प्लास्टरचे जाकीट घातले आणि काहींना घातले नाही. क्षयाच्या गोळ्या नियमित पोटात गेल्या तर खाट आणि जाकीट यांनी काही जास्तीचे साधत नाही, असे त्यातून निघाले. त्याच काळात वाराणसीत, बनारस हिंदू विद्यापीठात, डॉ. एस. एम. तुली यांनी एक मध्यममार्ग आखला होता. सर्वांना आधी औषधे द्यायची, आणि ज्यांना गुण येत नाही किंवा ज्यांच्या पायांतली ताकद परत येत नाही त्यांच्यावरच शस्त्रक्रिया करायची. मोठ्या शस्त्रक्रियांची सोय सर्वांसाठी नव्हतीच, पण त्यांनी या टंचाईत केलेल्या उपचारांची नोंद ठेवली, रुग्णांना पुन्हा पुन्हा पाहिले आणि १९७५ मध्ये निष्कर्ष मांडले. साऱ्या जगाने ते अभ्यासले. प्रत्येक रुग्णाचे पुढे काय झाले याची चिकाटीने राखलेली वही हेच त्यांचे भांडवल होते.

ती वही नसली की काय होते, तेही आपण सोसले आहे, आणि तेही याच महिन्याशी बांधलेले आहे. २०१० च्या ऑगस्टमध्ये डेप्यू कंपनीने आपला एएसआर हा धातूवर धातू घासणारा खुब्याचा सांधा जगभरातून परत मागवला. ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडच्या राष्ट्रीय नोंदवह्यांत दिसले होते की, हा सांधा बसवलेल्यांवर पाच वर्षांच्या आत पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची पाळी साधारण आठांत एकावर येते आहे. भारतात अशा सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. केंद्र सरकारने २०१७ मध्ये तज्ज्ञ समिती नेमली, भरपाईची चर्चा सुरू झाली, तेव्हा त्यांतल्या हजाराच्या थोड्या वर रुग्णांचाच माग लागला होता. बाकीची माणसे कुठे होती? आपल्यातच होती. घासणाऱ्या धातूतून रक्तात कोबाल्ट मिसळत असेल हे त्यांना सांगायला कुणाकडे पत्ता नव्हता. पुढे २०१७ च्या ऑगस्टमध्येच राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली आणि अनेक घरांचा भार हलका झाला. किंमत ठरली, पण बसवलेला सांधा किती वर्षे टिकला याचा देशव्यापी हिशेब अजून व्हायचा आहे. स्वीडनने गुडघ्यांची नोंदवही १९७५ मध्ये आणि खुब्यांची १९७९ मध्ये उघडली. आपल्याकडे सांधेरोपण करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेने २००६ मध्ये नोंदणी सुरू केली हे त्यांचे श्रेयच, पण ती ऐच्छिक आहे, आणि ऐच्छिक वहीत सर्वांत आधी गळतात ती बिघडलेली प्रकरणे.

विचारायचे ते आपल्या जगण्यातले विचारायला हवे. इंग्लंडमध्ये १९९८ मध्ये तयार झालेली गुडघ्याची एक बारा प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरतात. गाडीत चढता-उतरता येते का, खरेदीला एकट्याने जाता येते का, गुडघे टेकून पुन्हा उठता येते का, असे त्यातले प्रश्न आहेत आणि ते योग्यच आहेत. पण नगर जिल्ह्यातल्या एखाद्या आजींना आपला नवा गुडघा कसा आहे हे सांगायचे असेल तर त्या एसटीच्या उंच पहिल्या पायरीपासून सुरुवात करतील. मांडी घालून पंगतीला बसता येते का, की लग्नात कोपऱ्यातली खुर्ची धरावी लागते. भाकरी थापताना चुलीपुढे बसवते का. खुरपणीला जाता येते का. पहाटे उकिडवे बसायची पाळी आली तर काय होते. देवापुढे डोके टेकून उठताना कुणाचा हात लागतो का. आणि पुढच्या आषाढीला आळंदीहून निघाले तर निदान सासवडपर्यंत तरी पाय नेतील का. एक्स-रेत अगदी सरळ दिसणारा सांधा या कसोट्यांवर उतरेलच असे नाही. हे प्रश्न मराठीत, रुग्णाच्या शब्दांत बांधून, तपासून, सगळ्या रुग्णालयांत एकसारखे विचारले गेले पाहिजेत. एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाने एवढे एकच काम हाती घेतले तरी पुढच्या पिढीचे संशोधन त्यावर उभे राहील.

खेळाच्या मैदानावर तर घाईच सगळे ठरवते. कबड्डीत चढाईला गेलेल्या मुलाचा घोटा पकडलेला असतो, तो मध्यरेषेकडे वळतो, पाय मातीत किंवा मॅटवर रुतलेला राहतो आणि गुडघ्यातून कट्‌ असा आवाज येतो. गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध फाटतो. स्वीडनमधल्या लुंड येथे १२१ तरुणांवर झालेल्या चाचणीत, सुरुवातीलाच शस्त्रक्रिया केलेले आणि आधी व्यायामोपचार करून गरज पडली तरच शस्त्रक्रिया केलेले, असे दोन्ही गट दोन वर्षांनी सारख्याच स्थितीत आढळले. ज्यांची शस्त्रक्रिया होते, त्यांच्याबाबत नॉर्वे आणि अमेरिकेतल्या अभ्यासात दिसले की नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणे जितके लांबवावे, तितका दर महिन्याला गुडघा पुन्हा दुखावण्याचा धोका जवळपास निम्म्याने उतरतो. नऊ महिने म्हणजे एक अख्खा हंगाम. आपल्याकडच्या मुलासाठी तो हंगाम म्हणजे जिल्हा संघाची निवड चाचणी असते, आणि तिच्यामागे पोलिसांत किंवा रेल्वेत खेळाडू कोट्यातून मिळू शकणारी नोकरी. प्रशिक्षक, आईवडील, कधी तो मुलगा स्वतःच घाई करतो, आणि पाचव्या महिन्यात तो गुडघ्याला पट्टा बांधून मैदानात उतरतो. त्याला नऊ महिने थांबवायचे असेल तर आकडा सांगून भागणार नाही, निवड समितीने त्याची जागा एक वर्ष राखली पाहिजे. तालमीतल्या मल्लाचा खांदा, खो-खोच्या मुलीचा गुडघा यांवर इथे पुरेसा अभ्यास व्हायला हवा, नाही तर युरोपातल्या फुटबॉलपटूंच्या आकड्यांवर आपण आपल्या मुलांचे भवितव्य तोलत राहू.

अभ्यास होत नाहीत असे नाही. एम.एस. करणाऱ्या प्रत्येक निवासी डॉक्टरला थिसिस लिहावा लागतो, बढतीसाठी शोधनिबंध लागतात. पण चोवीस-चोवीस तासांच्या ड्युटीतून उसंत काढून तो मुलगा किंवा मुलगी रुग्णांना फोन लावते तेव्हा निम्मे नंबर लागत नाहीत, गावी गेलेला रुग्ण तीनशे रुपये भाडे आणि बुडालेली मजुरी सोसून ‘फक्त दाखवायला’ येत नाही. ज्याचे बरे झाले तो येत नाही, आणि ज्याचे बिनसले तो रागावून दुसऱ्या डॉक्टरकडे जातो, म्हणून पहिल्या डॉक्टरला दोघांचेही कळत नाही. मग जे सापडले त्यांच्यावर निबंध उभा राहतो. अशा निबंधाचा मोह टाळणे हा आता वैद्यकीय धर्माचाच भाग मानला पाहिजे, कारण खोट्या किंवा पोकळ संशोधनाची शिक्षा ते लिहिणाऱ्याला क्वचित आणि रुग्णाला नेहमी होते. जपानमधील योशिहिरो सातो यांच्या खुब्याच्या फ्रॅक्चरवरील डझनावारी निबंध मागे घेतले गेले, पण तोवर ते इतरांच्या आढाव्यांत शिरून उपचारांच्या सल्ल्यांपर्यंत पोहोचले होते. म्हणून भाडे मिळण्याची सोय, फोन करायला एक वेगळा माणूस, आणि ‘गुण आला नाही’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची पाठ थोपटणारे गुरुजन, इतके तरी प्रत्येक विभागात असावे. सरकारी योजनांतून शस्त्रक्रियेचे पैसे जातात, तिथे वर्षानंतरच्या तपासणीसाठीही त्यातला वाटा राखून ठेवता येईल.

आणि आपल्या वाट्याचेही काही आहे. सांधा बदलला किंवा रॉड-प्लेट बसवली की त्या वस्तूच्या खोक्यात छोटे स्टिकर असतात, त्यावर कंपनी, माप आणि लॉट नंबर छापलेला असतो. एक स्टिकर शस्त्रक्रियेच्या कागदांवर लागतो, दुसरा डिस्चार्ज कार्डावर लावून मिळतो. नसेल मिळाला तर मागून घ्यावा, त्याचा फोटो मुलांच्या मोबाइलमध्ये ठेवावा, आणि मूळ कार्ड आधार, रेशनकार्ड यांच्याच पिशवीत जपावे. फोन नंबर बदलला तर रुग्णालयात कळवावा. ४ ऑगस्टच्या आठवड्यात शिबिरे होतील तेव्हा जाताना ते कार्ड बरोबर न्यावे, आणि दुखत नसले तरी तिथल्या डॉक्टरांना सांगावे की शस्त्रक्रिया कोणत्या साली झाली आणि आज खाली बसून उठताना काय होते.