आजीआजोबांची वही

बाळ पालथे केव्हा पडले, पहिला दात केव्हा दिसला, हे पुष्कळ घरांत सर्वांत आधी आजीआजोबांनाच कळते. आईवडील कामावर गेले की बाळ आपल्याच सहवासात असते. म्हणून त्याच्या वाढीचे टप्पे आपण तारखेसह एका वहीत लिहून ठेवावेत.

साधारणतः २ महिन्यांचे बाळ आपल्याकडे पाहून हसते, ४ महिन्यांचे मान सावरते, तर ९ महिन्यांपर्यंत आधाराविना बसते. वर्षाचे होईतो नावाने हाक मारताच वळून पाहते. दीड वर्षापर्यंत ते स्वतःहून चालते आणि हवी ती वस्तू बोटाने दाखवते. दुसरे वर्ष पूर्ण होताना ‘दूध दे’, ‘बाबा आले’ असे दोन शब्द जोडते.

प्रत्येक बाळाची गती निराळी असते. निरोगी मुले ८ ते १८ महिन्यांच्या दरम्यान केव्हाही चालू लागतात. तेव्हा शेजारच्या नातवाशी तुलना नको. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय तर पहिली २ वर्षे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे.

मात्र ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचा बापही तिसऱ्या वर्षी बोलला’ असे म्हणून स्वस्थ बसू नये. बोलणे लांबले तर प्रथम श्रवणाची तपासणी करावी. ती अगदी नवजात बाळाचीही करता येते. ऐकू येत नसल्याचे लवकर उमगले, तर श्रवणयंत्राच्या साहाय्याने वाचा घडू शकते. दवडलेले महिने मात्र भरून काढणे कठीण असते. येत असलेले शब्द, हसणे किंवा चालणे नाहीसे झाले, तर वय कोणतेही असो, त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटावे.

लसीकरणास जाताना ही वही सोबत न्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीतही मुलांची तपासणी करतात आणि गरज भासल्यास पुढील उपचारांसाठी पाठवतात. ती सेवा विनामूल्य आहे.

एक गोष्ट मनापासून सांगाविशी वाटते. शंका आली तर ती सुनेला किंवा लेकीला दोष न देता सांगा. ‘तुझे लक्ष नसते’ या एका वाक्याने ती गप्प होते आणि तपासणी लांबणीवर पडते. ‘आपण दोघी मिळून दाखवून येऊ’ असे म्हटले, तर तिला धीर येतो आणि बाळाचे महिने वाचतात.