सावली सगळ्यांची, पातेरा मात्र मालकाचा

मंडळी, "आपल्या गावातली झाडं गेली कुठे?" हा प्रश्न दर उन्हाळ्यात माझ्या पोस्टखाली कुणी ना कुणी विचारतंच. रस्ता रुंदीकरणात गेली ती सगळ्यांना दिसली, आपण फोटोही टाकले. घरांच्या आवारातली मात्र एकेक करून गुपचूप गेली. ती तोडणारे कुणी लाकूडचोर नव्हते. झाडून झाडून दमलेली साधी माणसं होती.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात जुन्या घराला एक फणस, दोन-तीन आंबे, चार माड हे ठरलेलं. आता त्या घरात माणसं किती? बहुतेक ठिकाणी सत्तरीतले आई-बाबा. मुलं मुंबई-पुण्याला. जानेवारी सरला की पातेरा पडायला लागतो तो मेपर्यंत. सकाळी खराटा फिरवला की दुपारच्या वाऱ्याने अंगण परत भरलेलं. पानं पन्हळीत अडकतात, कौलांच्या फटीत बसतात आणि पहिल्या पावसात पाणी थेट भिंतीत. शाकारणीला माणूस मिळत नाही, मिळाला तर त्याच्या तारखा घ्याव्या लागतात. सुकी झावळ कधी डोक्यात पडेल सांगता येत नाही. बरं, पातेऱ्याचा ढीग करून ठेवावा तर त्याखाली फुरसं. बाहेरच्यांना यात गंमत वाटते. ज्यांच्याकडे सुट्टीत नातवंडं येतात त्यांना विचारा.

एकेकाळी हाच पातेरा लोक मागून न्यायचे. भाताची दाढ भाजायला शेण, कवळ, पातेरा लागायचा. गोठ्यात गुरांखाली अंथरायला लागायचा. गुरं गेली, भाजावळ कमी झाली आणि जे खत होतं त्याचा कचरा झाला.

मग या कचऱ्याचं करायचं काय? जाळायला बंदी. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्येच उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये दंड ठरवलाय. बंदी योग्यच आहे. संध्याकाळी आळीत धूर कोंडला की दम्याच्या माणसांचे काय हाल होतात ते मी बघितलंय. घंटागाडीत टाकायचा तर गाडीवाला पातेऱ्याचं पोतं बघूनच हात हलवतो. २०१६ च्या घनकचरा नियमांत लिहिलं होतं की बागेचा कचरा आपल्याच आवारात वेगळा ठेवा आणि स्थानिक संस्था सांगेल तशी विल्हेवाट लावा. पण संस्थेने काही सांगायला तर हवं ना! 'कंपोस्ट करा' म्हणणाऱ्यांनी एकदा आंब्याची पानं कुजवून बघावीत. जाड आणि चिवट. शेणकाला शिंपडून, सतत ओलं ठेवूनही महिने जातात. सत्तरीच्या काकूंनी एप्रिलमध्ये, टँकरच्या पाण्यावर, हे करायचं?

फांद्यांचं दुखणं आणखी वेगळं. नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. त्यात तोडणं म्हणजे फक्त बुंध्यावर कुऱ्हाड नाही, झाडाला कुठलीही इजा करणं त्यात येतं. त्यामुळे कौलांवर टेकलेली फांदी काढायची तरी आधी अर्ज, मग पाहणी, मग फेऱ्या. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांच्या आणि त्यापुढच्या झाडाला वारसा वृक्ष ठरवलं. कायद्याला माझा विरोध नाही, तो नसता तर उरलंसुरलंही गेलं असतं. पण जुनं झाड राखणाऱ्याला मिळतो तो फक्त दर्जा, मदत शून्य. फांदी शेजाऱ्याच्या गाडीवर पडली की सगळे मालकाच्याच दारात.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. दापोली-मंडणगडात घरांवर आडवी झालेली झाडं ज्यांनी बघितली, त्यांची भीती खोटी नाही. म्हणून माणूस हिशोब करतो : झाड एकदा काढलं आणि अंगणात पेव्हर ब्लॉक घातले की रोजची कटकट संपली. मी त्याला दोष देत नाही.

आणि घरपट्टीच्या बिलात 'वृक्ष कर' अशी एक ओळ असते, ती वाचलीय कधी? दारात दहा झाडं असलेलाही तो भरतो, सगळी फरशी केलेलाही भरतो. त्या बदल्यात आमच्याकडे दिसतं काय, तर ५ जूनचं रोपवाटप आणि फोटो. लावलेल्या रोपाचा सत्कार, वाढलेल्या झाडाची मात्र कुणी चौकशी करत नाही.

अशक्य असं काही मागत नाहीये. फेब्रुवारी ते मे आठवड्यातून एकदा पातेऱ्याची वेगळी गाडी फिरवा. डेपोवर पाला बारीक करणारं एक मशीन आणि चार खड्डे, बस. तयार खत आंबा बागायतदार विकत नेतील. घरावर आलेल्या फांदीचा अर्ज आला की आठ दिवसांत पाहणी करा, पाऊस सुरू व्हायच्या आधी. आणि वृक्ष कर किती जमला, कशावर गेला, ते नोटीस बोर्डावर लावा.

पुढचं बजेट मांडायच्या आधी आपापल्या वॉर्डाच्या नगरसेवकाला गाठून हे कानावर घाला. तोवर घरपट्टीचं बिल काढा आणि वृक्ष कराचा आकडा कमेंटमध्ये टाका. वॉर्डवार यादी करून मी मुख्याधिकाऱ्यांकडे देतो, पोच घेऊन.