डोंगरावरचे घर आणि डोंगराखालचे पाणी



मराठवाड्यातून हैदराबादेस जाणाऱ्या आपल्या मंडळींना विकाराबाद हे नाव आगगाडीमुळे पाठ झालेले असते. परळी, उदगीर, बीदर या बाजूने येणारा लोहमार्ग तेथे वाडीकडून येणाऱ्या मुख्य मार्गास मिळतो. गाव बेताचेच. २०१६ साली ते जिल्ह्याचे ठाणे झाले, तरी त्याची चाल अजून तालुक्याच्या गावाचीच आहे. हैदराबाद तेथून सुमारे पाऊणशे किलोमीटर. गावाबाहेर पाच-सहा किलोमीटरांवर अनंतगिरीचा डोंगर लागतो. साग, पळस, तेंदू, मोह अशा पानझडी झाडांचे दाट रान, मध्ये अनंत पद्मनाभस्वामींचे जुने देवालय, आणि पावसाळ्यात दरीतून वर चढणारे धुके असा तो भाग आहे.

या डोंगराविषयी एका कुटुंबाने मजकडे पृच्छा केली आहे. कर्ता पुरुष हैदराबादेत कारखान्यातील नोकरीवरून लवकरच निवृत्त होणार. अनंतगिरीच्या पायथ्याशी काही गुंठे जमीन स्वस्तात मिळते आहे. हवा उत्तम, शेजार झाडांचा, गाव हाकेवर. तेव्हा शहरातील दोन खोल्या विकून तेथे राहावयास जावे की काय, असा त्यांचा प्रश्न. आजकाल अशा जाहिराती आपल्या खेड्यांतील घरांपर्यंतही पोहोचतात. सबब हे उत्तर एकट्या त्या घरास न देता येथेच मांडतो.

प्रथम त्या हवेविषयी. अनंतगिरीच्या हवेत औषध आहे अशी समजूत त्या मुलुखात जुनी आहे, आणि तिला आधारही तसाच भारदस्त होता. निजामाच्या राजवटीत तेथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले. त्या काळी क्षयावर खात्रीचे औषध नव्हते. स्वच्छ हवा, विश्रांती आणि सकस आहार एवढेच डॉक्टरांच्या हाती होते. आपल्याकडे मिरज व पाचगणी येथील आरोग्यधामे याच विचाराने निघाली. पुढे स्ट्रेप्टोमायसीनसारखी औषधे आली, आणि १९५६ साली मद्रास येथे सुरू झालेल्या क्षयरोग केंद्राने एक धीराचा प्रयोग केला. काही रोग्यांना आरोग्यधामात खाटेवर, चांगल्या अन्नावर ठेवले. काहींना मद्रासच्या दाटीवाटीच्या वस्त्यांतील त्यांच्या घरीच ठेवून तीच औषधे दिली. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो असा की दोन्हीकडील रोगी जवळजवळ सारख्याच प्रमाणात बरे झाले, आणि घरी राहिलेल्यांमुळे त्यांच्या कुटुंबीयांस अधिक धोकाही पोहोचला नाही. रोग गेला तो औषधाच्या नियमाने. साऱ्या जगाने त्यानंतर क्षयाच्या उपचाराची रीत बदलली. म्हणून, ज्या घरात दम्याचा किंवा हृदयाचा रोगी आहे त्याने केवळ हवेच्या भरवशावर डोंगर चढू नये. रात्री दोन वाजता डॉक्टर किती अंतरावर आहे, हा प्रश्न झाडांच्या संख्येहून आधी विचारावा. धुरापासून सुटका, शांत झोप, पायांना चालणे, हे लाभ खरे आहेत; ते नाकारण्याचे कारण नाही. आम्हा धर्मगुरूंनाही आपली मंदिरे टेकाडावर बांधण्याची आवड फार पूर्वीपासून आहे, तेव्हा उंचावरच्या घराची ओढ मला समजत नाही असे कोणी म्हणू नये.

परंतु माझे खरे म्हणणे हवेविषयी नसून पाण्याविषयी आहे.

हैदराबादेच्या मधून वाहणारी मुसी नदी याच अनंतगिरीच्या डोंगरात उगम पावते. तेथून ती पूर्वेस शहराकडे जाते, आणि सुमारे अडीचशे किलोमीटरांचा प्रवास करून नलगोंडा जिल्ह्यात वाडपल्लीजवळ कृष्णेस मिळते. २८ सप्टेंबर १९०८ रोजी या नदीला महापूर आला. पंधरा हजारांच्या आसपास माणसे गेली असे सांगतात. काही अंदाज त्याहून पुष्कळ मोठे आहेत. त्यानंतर निजाम सरकारने सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना पाचारण केले, आणि त्यांच्या योजनेनुसार शहराच्या वरच्या अंगास दोन तलाव बांधले गेले. १९२० साली मुसीवर उस्मानसागर, तर १९२७ साली तिची बहीण ईसी हिच्यावर हिमायतसागर. पूर अडला, आणि पिढ्यानुपिढ्या शहराने हेच पाणी प्याले. आज कृष्णा, गोदावरी व मांजरा येथूनही नळांना पाणी येते. पण उस्मानसागर अजून आपले काम करतोच आहे.

आता हे पाणी डोंगरात राहते कसे, ते पाहा. बीदरपासून विकाराबादेपर्यंत ठिकठिकाणी डोंगरमाथ्यांवर जांभ्या दगडाचे थर आहेत. बीदरचा किल्ला ज्यांनी पाहिला असेल त्यांना तो तांबडा, भोकाभोकांचा दगड आठवेल. हा दगड पाणी गिळतो. पावसाळ्यात प्यालेले पाणी खालच्या चिकण थरावर थांबते आणि डोंगराच्या कडेने झऱ्यांतून महिनोन्‌महिने हळूहळू पाझरते. आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. बीदरजवळ नौबाद येथे बहामनी काळात, पंधराव्या शतकात, याच जांभ्याखालचे पाणी भुयारी वाटेने शहरापर्यंत नेले होते. त्यास कारेज म्हणतात. माथ्यावर रान असेल तर पालापाचोळा पावसाचा वेग मोडतो आणि दगडास पाणी पिण्याची उसंत मिळते. रान काढून तेथे पक्के अंगण, डांबरी रस्ता आणि पत्र्याची छपरे आली म्हणजे तेच पाणी दोन तासांत खाली धावते, माती घेऊन धावते, आणि मार्चमध्ये झरा कोरडा पडतो. वर राहणाऱ्याने खोल विंधन विहीर पाडली तर त्याची बाग हिरवी राहील, पण खालच्या वाडीची विहीर आटेल. शिवाय जो दगड पाणी गिळतो तो घाणही गिळतो. म्हणून अशा जमिनीत शौचखड्डा विहिरीपासून किमान पन्नास फूट दूर, आणि उताराच्या खालच्या अंगासच असावा. जांभ्यात तर अंतर याहूनही वाढवावे. तुमच्या खालच्या अंगास दुसऱ्याची विहीर आहे, हेही तेव्हा विसरून चालणार नाही.

डोंगरावर राहावयास गेलेली वस्ती पुढे कोणत्या थरास जाते, याचे उदाहरण हैदराबादेतच आहे. ज्यास आज बंजारा हिल्स म्हणतात तो भाग शंभर वर्षांपूर्वी शहराबाहेरचा खडकाळ, झुडपी डोंगर होता. नावात बंजारा आले ते आपल्या ओळखीच्या लमाणांवरून. मेहदी नवाज जंग या सरदाराने तेथे प्रथम घर बांधले, असे सामान्यतः सांगितले जाते. हेच गृहस्थ १९६० साली गुजरात राज्याचे पहिले राज्यपाल झाले. त्यांच्या घराची कीर्ती अशी की खडक न फोडता, खडकांना सामावून ते रचले होते. १९३३ साली रवीन्द्रनाथ ठाकूर तेथे पाहुणे म्हणून राहिले, आणि त्या टेकड्यांवर त्यांनी कविताही केली. पहिल्या माणसाने खडक राखला. त्याच्यामागून आलेल्यांनी सुरुंग लावले. प्रत्येकजण रानाच्या ओढीने आला, आणि आपल्यापुरता थोडा रस्ता, थोडी भिंत, थोडा दिवा घेऊन आला. आज तेथे गुळगुळीत रस्ते, उंच इमारती आणि दुकाने आहेत. जुन्या डोंगराची खूण पाहावयाची तर १९९८ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेल्या कासू ब्रह्मानंद रेड्डी उद्यानात, कुंपणाच्या आत, जावे लागते. तेथे मोर आहेत, आणि कुंपणाबाहेर रात्रंदिवस मोटारींची रांग आहे. अनंतगिरीचे असेच होईल असे भविष्य मी सांगत नाही. पण शनिवार-रविवारी शहरातून तेथे लोटणारी गर्दी, रानाच्या कडेने उभी राहिलेली विश्रामगृहे आणि मध्यरात्रीपर्यंत वाजणारे कर्णे यांचे वर्णन ज्या मंडळींनी मला केले, त्यांनी ते आनंदाने केले नाही.

तेथे एक मोठा प्रश्न आणखी उभा आहे. विकाराबाद जिल्ह्यातच पूडूर भागात दामगुंडमचे रान आहे. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी संरक्षणमंत्री राजनाथसिंह यांनी तेथे नौदलाच्या संदेशकेंद्राची पायाभरणी केली. समुद्राखाली बुडालेल्या पाणबुड्यांशी अतिमंद कंपनांच्या लहरींनी बोलणारे असे केंद्र तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ १९९० पासून आहे. हे देशातील दुसरे. त्यासाठी सुमारे २,९०० एकर वनजमीन देण्यात आली. आसपासच्या गावकऱ्यांची गुरे त्या रानात चरत, तेथील रामलिंगेश्वराच्या देवळास ते जात. वाट बंद होईल काय, झाडे किती पडतील, मुसीच्या उगमास धक्का लागेल काय, हे प्रश्न त्यांनी व पर्यावरणाचा अभ्यास करणाऱ्यांनी विचारले. देशाचे रक्षण हवेच, आणि ते कोठेतरी उभारावेही लागणार. तथापि जे काम देशासाठी अपरिहार्य म्हणून केले जाते त्याचा आधार घेऊन, 'तेथे एवढी झाडे गेलीच, मग आमच्या दहा गुंठ्यांनी काय होते' असे म्हणणे मला योग्य वाटत नाही. असे म्हणणारी दहा हजार कुटुंबे एकत्र आली म्हणजे दुसरे दामगुंडम होते, आणि त्याची पायाभरणी कोणी जाहीर करीत नाही.

रानात आपण पहिले आलो, असाही एक भ्रम शहरातून येणाऱ्यास असतो. वास्तविक तेथे तांडे आहेत, वाड्या आहेत, गुराखी आहेत. सीताफळाच्या दिवसांत टोपल्या भरून स्टेशनात व हमरस्त्यावर बसणाऱ्या बाया आहेत. त्यांची पायवाट ज्या जमिनीतून जाते ती जमीन कागदावर तुमची झाली, तरी पहिल्याच महिन्यात तारेचे कुंपण घालून वाट बंद करू नये. ज्याने वाट मोडली त्याच्या घरी आग लागली तर घागर घेऊन कोण धावेल?

आगीचे म्हणाल तर ती शक्यता दूरची नाही. पानझडी रानात फेब्रुवारीपासून मेअखेरपर्यंत वाळक्या पानांचा खच असतो. एखाद्या विडीने, किंवा मोहाची फुले वेचता यावीत म्हणून कोणी पेटविलेल्या पाचोळ्याने, वणवा उठतो. घराभोवती काही हात रुंद पट्टा उन्हाळाभर झाडून लख्ख ठेवावा आणि सरपण भिंतीस टेकून रचू नये. सरपणाच्या ढिगात विंचू आणि उंदीर राहतात, आणि उंदरांमागून साप येतात.

सापांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण या बाबतीत आपल्या घरांतून अजून अंधार आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार जाती ओळखाव्यात. मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर निजलेल्या माणसास चावते. दंश दुखत नाही, खूण दिसत नाही, आणि पहाटे पोटात कळ येऊन डोळ्यांच्या पापण्या मिटू लागतात, तेव्हा घरचे समजतात की काही बाधा झाली. अशा मुलुखात मुलांना जमिनीवर निजवू नये. खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी, एवढ्याने बहुतेक भय टळते. रात्री बत्तीवाचून अंगणात पाऊल टाकू नये. दंश झालाच तर कापू नये, चोखू नये, करकचून दोरी बांधू नये, मंत्र घालणाऱ्याकडे तर नेऊच नये. माणसास धीर देऊन, दंश झालेला अवयव न हलविता, थेट रुग्णालयात न्यावे. विषावरील लस तेथेच मिळते आणि तीच उपयोगी पडते. लस कोणत्या रुग्णालयात ठेवलेली असते, याची चौकशी घर बांधण्यापूर्वी करून ठेवावी. आणि दिसेल तो साप मारीत सुटू नये. धामण गेली की उंदीर वाढतात.

माकडांविषयी एवढेच की त्यांना काहीही देऊ नये. देवळापाशी आणि घाटात पाहुणे हौसेने केळी देतात, आणि पुढे कौले उडतात ती तेथे राहणाऱ्याची.

डोंगराचा पायथा यंत्राने कापून सपाट जागा करण्याची जी चाल पडली आहे तिचीही मला भीती वाटते. पुणे जिल्ह्यातील माळीण ३० जुलै २०१४ च्या पहाटे चिखलाखाली गेले, दीडशेच्या वर माणसे गेली. पावसाबरोबरच उतारावरील सपाटीकरणाचाही त्यात वाटा असल्याची चर्चा झाली. सह्याद्रीचा पाऊस आणि उतार वेगळे, अनंतगिरीचे वेगळे, हे खरे. तरी उताराचा पाय तोडून त्यावर घर उभे करू नये. घर लहान पडले तरी चालेल.

तर मग त्या कुटुंबाने जावे की न जावे? माझे मत असे की रानालगतची नवी तुकडी घेऊ नये. विकाराबाद गावातच, नळ, शाळा आणि दवाखाना जवळ असेल अशी जागा मिळत असल्यास ती घ्यावी, आणि डोंगरावर रोज सकाळी चालावयास जावे. पाच-सहा किलोमीटर म्हणजे फार नाही. त्यांचे मन डोंगरावरच बसले असेल, तर विसार देण्यापूर्वी दोनदा तेथे जावे. एकदा ऑगस्टात, भर पावसात, पाणी कोठून येते आणि कोठे वाहून जाते ते पाहण्यासाठी. दुसऱ्यांदा मेच्या तिसऱ्या आठवड्यात. तेव्हा जमीन विकणाऱ्यास बरोबर नेऊ नये. खालच्या वाडीत जाऊन कोण्या म्हाताऱ्या बाईस विचारावे की आज घागर कोठून भरली. नंतर वनखात्याच्या कचेरीत जाऊन रानाची हद्द नकाशावर पाहावी, आणि त्या गुंठ्यांवर घर बांधण्याची परवानगी खरोखर आहे काय, हे महसूल खात्यातून लेखी घ्यावे. शेतजमिनीचे तुकडे 'घरजागा' म्हणून विकण्याचा धंदा तेथे जोरात आहे.