वीज कुठे पडली ते पुण्याला कळते, शिवाराला कधी कळणार?



मृगाचा पाऊस पडला की बाभुळगावच्या शिवारात सरकी लावायची घाई होते. आभाळ भरून आले तरी कोणी हात थांबवत नाही, कारण ओल गेली तर दुबार पेरणी नशिबी. तेवढ्यात वीज पडते. मजूर बाया धुऱ्यावरच्या कडूलिंबाखाली जमलेल्या असतात, सालदार बैल सोडत असतो. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी छापून येतात. पंचनामा होतो, ४ लाखांच्या मदतीचे कागद फिरतात आणि सगळे म्हणतात, दैवाचा कोप, त्याला कोण काय करणार?

२०२१ साली देशात २,८८० माणसे विजेने मेली. ही सरकारचीच नोंद आहे. एवढी माणसे दैवाच्या खात्यावर टाकून मोकळे होणे आम्हाला मान्य नाही.

वीज चमकली की रेडिओत खर्रर्र होते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. वीज म्हणजे एक मोठे प्रक्षेपण केंद्रच. तिच्यातून रेडिओच्या लहरी चहूकडे सुटतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने हीच खरखर पकडणारी यंत्रे २०१४ च्या सुमारास महाराष्ट्रात २० ठिकाणी बसवली. पुढे देशभरात ती ८० च्या वर गेली. प्रत्येक यंत्राला उपग्रहावरून मिळवलेले अचूक घड्याळ असते. लहर जवळच्या यंत्राला आधी लागते, दूरच्याला उशिरा. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात लहर ३०० मीटर जाते, म्हणून घड्याळ तितके बारीक लागते. चार-पाच यंत्रांच्या वेळांतला फरक मांडला की वीज कोठे पडली ती जागा निघते, आणि ढग कोणत्या दिशेने सरकतो तेही दिसते. या माहितीवर ‘दामिनी’ नावाचे मोबाईल ॲप निघाले. आपल्यापासून २० आणि ४० किलोमीटरच्या आत वीज असली तर ते इशारा देते.

काम उत्तम झाले, शास्त्रज्ञांना आमचा रामराम. पण पुढे? पुण्यापर्यंत काही सेकंदांत आलेली खबर शेवटचे तीन किलोमीटर चालत नाही. साहेब म्हणतात, ॲप फुकट आहे, शेतकरी घेत नाही. आम्ही विचारतो, निंदणाला वाकलेल्या बाईच्या कमरेला स्मार्टफोन असतो काय? घरात एक फोन असला तर तो पोराकडे असतो. शिवारात रेंज नाही, आणि पावसात फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून बंडीत ठेवलेला. असा इशारा मिळाला काय अन् न मिळाला काय!

ओडिशाच्या किनाऱ्यावर वादळाची सूचना द्यायला १२२ ठिकाणी भोंगे उभारले आहेत. कोळ्याला भोंगा मिळतो, तर कापूसवाल्याला का नाही? माणूस मेल्यावर ४ लाख द्यायला तिजोरी उघडते. तो मरू नये म्हणून एक भोंगा बसवायला ती उघडलीच पाहिजे.

म्हणून जिल्हा मेळाव्यात हे ठराव मांडू:

१. प्रत्येक ग्रामपंचायतीवर भोंगा बसवावा आणि तो विजेच्या यंत्रणेला थेट जोडावा. तहसीलच्या फोनची वाट पाहणे नको.

२. गावापासून लांबच्या शिवारात वीजरोधक बसवलेला पक्का निवारा बांधावा.

३. भोंगा वाजल्यावर काम थांबले तर मजुरी कापू नये. हा ठराव आमच्यासाठीही आहे. “एवढी ओळ संपवा अन् मग जा,” असे आपणच म्हणतो, हे कबूल करू.

भोंगा येईपर्यंत आपले कान हेच यंत्र. चमक दिसली की आकडे मोजा. दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत गडगडाट झाला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. काम टाका आणि पक्के घर गाठा. झाडाखाली थांबू नका, तारेच्या कुंपणाला हात लावू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही; त्याला बेधडक हात लावा, श्वास थांबला असेल तर छाती दाबत राहा, दवाखान्यात न्या.

सरकी पुन्हा लावता येते. माणूस पुन्हा लावता येत नाही. मेळाव्याला या, आणि येताना आपल्या ग्रामपंचायतीचा ठराव लिहून आणा.