भीतीचा धंदा

पीएसए या रक्तचाचणीला अमेरिकेत १९८६ साली मान्यता मिळाली ती प्रोस्टेट कर्करोगाच्या रुग्णांवर देखरेखीसाठी, आणि त्या कामी ती उपयुक्तच आहे. १९९४ साली निदानाचीही मुभा मिळाली आणि निरोगी पुरुषांच्या भीतीवर धंदा उभा राहिला! वस्तुतः हे प्रथिन कर्करोगाचे नव्हे, ग्रंथीचे. ती वयोमानाने वाढली वा तिला संसर्ग झाला तरी त्याचे प्रमाण चढते. मग सुईने तुकडे काढणे, शस्त्रक्रिया, आणि कित्येकांच्या नशिबी लघवीवरचा ताबा जाणे. तेही अनेकदा जी कधीच जिवावर बेतली नसती, अशा गाठीपायी. प्रोस्टेटमधील प्रतिजनाचे आद्य संशोधक रिचर्ड आब्लिन यांनीच २०१० साली या सरसकट तपासणीमागील नफेखोरीवर कोरडे ओढले. आपल्याकडील खासगी प्रयोगशाळा मात्र ती ‘पॅकेज’मध्ये खुशाल विकतात. रक्त घेण्यापूर्वी हे सारे रुग्णाला समजावून सांगणे त्यांच्यावर कायद्याने बंधनकारक करा, ही मागणी आपण प्रत्येक आरोग्य शिबिरात लावून धरली पाहिजे.